मशीन ऑइल खात नाय

"दादानू, ह्यां मशीन ऑइल खातच नाय. उलट वायच वाढलाहा."

१० ऑगस्ट २०२४ ला संध्याकाळी आमच्या बोटीच्या ड्रायव्हरचा हा फोन, मासळी उतरवायला देवगडला जेटीवर आले होते तेव्हा केलेला, आणि मी काय म्हणालो असेन तर "बरं झालं". खरंच बरं वाटलं होतं मला. मशीन म्हणजे बोटीचं इंजिन. जुनं दर फेरीला ऑइल पीत होतं, ते देऊन मे महिन्यात हे दुसरं घेतलेलं, त्यामुळे ऑइल न खाणारं मशीन म्हणजे पैसे वसूल असंच डोक्यात. ऑइल कमी होत नाही इथपर्यंत ठीक, पण वाढतं कसं, कोण घालतं, हा प्रश्न मला पडला नाही, ड्रायव्हरला पडला नाही, आणि तीन दिवसांनी बोट विजयदुर्गच्या बाहेर १८ वाव खोल पाण्यात बंद पडली.

सुरुवातीपासून सांगतो कारण बऱ्याच जणांनी विचारलंय की एवढं कसं फसलास.

आमचा छोटा ट्रॉलर, सहा सिलिंडरचं मशीन, बाबांनी २००९ ला नवीन घातलेलं. दोनदा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडरमधला नळा) आणि पिस्टन बदलून झालेले होते. २०२४ च्या सीझनच्या शेवटी पार दम गेला, सकाळी चालू करताना पांढरा धूर, ऑइलचं झाकण उघडलं की फक् फक् करून वाफारा बाहेर, म्हणजे पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने सिलिंडरातला दाब खाली येतोय हे कळायला इंजिनियर लागत नाही. मिस्त्री म्हणाला बाहेर काढूया आणि तिसऱ्यांदा पूर्ण करूया. दोन महिने जातील म्हणाला. आता बघा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ६१ दिवस बोट शाकारून वरच असते, म्हणजे दोन महिने माझ्याकडे फुकटचे होते. तरी मला घाई. कसली घाई होती हे आज मला सांगता येत नाही, बहुतेक मशीन खोललं की खर्च किती निघेल याची भीती होती, आणि समोर एक ठरलेला आकडा दिसत होता.

तो आकडा मुंबईकडच्या एका व्यापाऱ्याचा. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. ओळखीच्या ओळखीतून फोन नंबर मिळाला. "रिमॅन्युफॅक्चर्ड मशीन, झिरो अवर, तुमचं जुनं द्या आणि हे न्या." झिरो अवर म्हणजे नव्यासारखं, एक तासही न चाललेलं. चार लाख पंचाहत्तर हजार, त्यात जुन्या मशीनचे पन्नास हजार वजा. नवीन मशीनचं कोटेशन मी काढलं होतं ते याच्या जवळपास दुप्पट.

इथे शब्दांबद्दल थोडं बोलतो, कारण फसवणूक शब्दात सुरू होते. आपल्याकडे रिकंडिशन, रिबिल्ट, ओव्हरहॉल आणि आता हे रिमॅन, सगळं एकाच अर्थाने बोलतात. खरं तर ओव्हरहॉल किंवा रिबिल्ट म्हणजे जे झिजलंय ते बदललं, बाकी चांगलं दिसतंय ते तसंच ठेवलं. रिमॅन म्हणजे शेवटच्या बोल्टपर्यंत खोललं, ब्लॉक (मशीनचा मुख्य ओतीव सांगाडा), हेड, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) धुवून क्रॅकसाठी तपासलं, प्रत्येक माप नवीन मशीनच्या मापाशी लावून बघितलं, जे मापात नाही ते मापात आणलं नाहीतर फेकलं. मोठ्या कंपन्या स्वतःची मशीनं अशी करतात तेव्हा त्याला अर्थ असतो, ते काम कारखान्यातच होतं. पण पत्र्याच्या शेडमध्ये कोणी बिलावर रिमॅन लिहिलं तर त्याला विचारणारं कोण? मी तर विचारलंच नाही. रंग बघितला. निळा, एकदम चकचकीत, पोचा नाही की ओरखडा नाही.

चालवून दाखवलं त्याने, हे मान्य करतो. स्टँडवर मशीन, बाजूला ड्रम भरून पाणी, सेल्फ मारला तर अर्ध्या फेऱ्यात चालू. ऑइल प्रेशर, म्हणजे ऑइलचा दाब, मीटरवर ४ केजी. मी मीटरचा फोटो काढून बायकोला पाठवला. पाच मिनिटं चालवून बंद केलं. आता कळतं की थंड ऑइल घट्ट असतं, थंड ऑइलवर भंगारातलं मशीन पण चांगलं प्रेशर दाखवतं. बघायचं असतं ते लोडवर तासभर चालवून, ऑइल गरम पातळ झाल्यावर, आणि मग स्लो केल्यावर काटा कुठे थांबतो ते. स्टँडवरच्या मशीनला लोड कसला, गियर नाही शाफ्ट नाही पाण्यातला पंखा नाही, जाळं ओढायचं नाही. तिथे पाच मिनिटात काय कळणार, मडकं तरी माणूस टिचकी मारून घेतो.

बिल झालं १० मे ला, अक्षय तृतीया होती. मुद्दाम तो दिवस धरला, मुहूर्ताचं घेतलेलं टिकतं म्हणून. बिलाच्या मागे बारीक अक्षरात वॉरंटी. ती मी ऑगस्टमध्ये वाचली.

टेम्पोने मशीन देवगडला आलं, परतीच्या फेरीत आमचं जुनं गेलं. जुनं टेम्पोत चढवताना बाबा बाहेर येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, फक्त मशीनच्या डाव्या बाजूला त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बसवलेली एक ब्रॅकेट होती, तिच्यावर हात ठेवला. मी तेव्हा म्हटलं म्हातारपणी लोखंडाची पण माया लागते.

जुलैत चेन पुलीने मशीन बोटीत उतरवलं, गियर बॉक्सला जोडलं. नोंदणीत मशीन बदलाची कागदं करायला गेलो तर तिथे पहिला खडा. बोटीच्या सर्टिफिकेटवर मशीनचा मेक, हॉर्सपॉवर, नंबर सगळं असतं, मशीन बदललं की ते बदलून घ्यावं लागतं. बघायला आलेल्या माणसाने प्लेटवरचा नंबर वाचला, मग बॅटरी मारून ब्लॉकवर खोदलेला नंबर शोधला, दोन्ही जुळेनात. प्लेट नवीन, रिव्हेट नवीन, ब्लॉकवरचे दोन आकडे घासलेले. त्याने फाईल बाजूला ठेवली आणि त्याचं बरोबरच होतं, चोरीचं मशीन असलं तर उद्या तो अडकणार. व्यापाऱ्याला फोन केला तर "प्लेट चुकून दुसरी लागली असेल, लेटरहेडवर लिहून देतो." ते पत्र यायला वीस दिवस गेले. कागदं होईपर्यंत सोसायटीकडचं डिझेल परताव्याचं काम लटकलेलं, ते वेगळंच. हा व्यापारी ब्लॉक कुठून आला हे सांगू शकत नाही एवढं तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण चार लाख देऊन झाले की माणूस स्वतःचीच समजूत घालत बसतो.

३ ऑगस्टला बोट बाहेर पडली. पहिल्या आठवड्यात मासळी बरी. ड्रायव्हर नवीन मशीनवर खूष, आवाज गोड म्हणायचा. फक्त मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वरच्या टाकीत पाणी घालावं लागत होतं, रोज अर्धी बाटली, मग एक बाटली. त्याने ते मला सांगितलं नाही कारण त्याला वाटलं नवीन मशीन आहे, पाइपात हवा अडकली असेल ती निघतेय. आणि ऑइल वाढतंय हे वेगळं सांगितलं, कौतुक म्हणून. एकीकडे पाणी कमी होतंय, दुसरीकडे ऑइल वाढतंय. आता लिहिताना हसू येतं. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर शाळेतल्या पोराला पण कळलं असतं पाणी कुठे चाललंय.

१३ तारखेला पहाटे जाळ्याची तिसरी ओढ चालू असताना ऑइल प्रेशर खाली यायला लागलं. ड्रायव्हरने ऑइल मोजायची काठी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. स्लो केलं तर काटा अर्ध्या केजीच्या खाली आणि खालून ठक् ठक्. त्याने लगेच बंद केलं, तेवढी अक्कल त्याने दाखवली म्हणून क्रँक वाचला, नाहीतर तोडूनच थांबला असता. ऑगस्टचा दर्या, वारा नैऋत्येचा, बोट आडवी पडून लोळतेय आणि जाळं पाण्यात. वायरलेसवर ओरडले. आपल्याच बंदरातली एक बोट पाच मैलांवर होती, तिने स्वतःची ओढ अर्धी सोडून दोर टाकला आणि साडेसहा तास ओढत आणलं. त्या नाखव्याने पैसे घेतले नाहीत. डिझेल तरी घ्या म्हटलं, ते पण बळेबळेच घेतलं. म्हणाला, "आज तुझां, उद्या माझां."

जेटीला लागल्यावर मिस्त्री आला. त्याने पहिलं काय केलं तर खलाशांचा भात शिजवायचा स्टोव्ह पेटवला, तवा तापवला आणि काठीवरचा ऑइलचा थेंब त्यावर सोडला. फोडणीत मोहरी तडतडावी तसं तडतडलं. पाणी. मला सांगितलं की ऑइल वाढायची कारणं मुख्य दोन, एकतर पाणी उतरतंय नाहीतर डिझेल उतरतंय. डिझेल असेल तर वास येतो, ऑइल पातळ होतं पण तव्यावर असं तडतडत नाही. हे मला १० तारखेला माहीत असतं तर तवा माझ्या घरात पण होता.

त्याच रात्री वॉरंटीचा कागद शोधला. ९० दिवस, बिलाच्या तारखेपासून. १० मे पासून ९० दिवस म्हणजे ८ ऑगस्ट. त्या नव्वदातले बंदीचे ६१ दिवस बोट ताडपत्रीखाली, मशीन एक मिनिट चाललेलं नाही, आणि वॉरंटी मात्र धावत होती. बोट पाण्यात गेल्यावर माझ्या हातात खरी वॉरंटी उरली होती पाच-सहा दिवसांची. त्याच्याही खाली अजून होतं. फक्त आतल्या भागांवर, मजुरी नाही, काढ-घाल नाही, वाहतूक नाही, पंप नोझल टर्बो नाही, आणि "ओव्हरहीट झाल्याचे आढळल्यास लागू नाही". टाकीतलं पाणी कमी होणारं मशीन गरम होणारच की. कसंही पडलो तरी खाली त्याचीच जाळी होती.

फोन केला. पहिल्यांदा "पाठवून द्या बघतो", मग "तुमच्या ड्रायव्हरने गरम केलं", मग तारीख दाखवली, मग उचलणं बंद. ग्राहक आयोगात जायचं डोक्यात होतं, वकिलाला कागद दाखवले तर तो म्हणाला बिलावर रिमॅन लिहिलंय पण काय काय केलं त्याची यादी कुठेय. नव्हती. मी मागितलीच नव्हती.

मशीन काढून फोंडा घाटाने कोल्हापूरला नेलं, उद्यमनगरात. तिथे पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी माणसं आहेत, शेतीची डिझेल इंजिनं तिथे बनत आलीत. खोलताना मी समोर उभा होतो, हे यावेळी ठरवूनच गेलो होतो.

आमच्या या मशीनला वेट लायनर. म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं, आणि ते पाणी खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरू नये म्हणून लायनरच्या बुडाशी रबराच्या ओ रिंगा असतात, त्या ब्लॉकमधल्या गुळगुळीत गाळ्यावर दाबून बसतात. लायनर नवीन होते, ओ रिंगा नवीन होत्या, पिस्टन पण नवीन. व्यापारी तेवढ्यापुरता खोटं बोलला नव्हता. पण ब्लॉकचा तो गाळा, जिथे रिंग टेकते, तिथे चार नंबरला आणि पाच नंबरला भोकं भोकं, वाळवी लागलेल्या वाशासारखी, आणि त्यात काळी स्टील पुट्टी भरून वरून घासलेली. पुट्टी गरम-थंड होऊन सुटली आणि पाणी उतरायला लागलं. तिथल्या मिस्त्रीने पाण्याच्या गाळ्यातून स्क्रू ड्रायव्हरने खपली काढली तर थराथराने गंज निघाला. म्हणाला, "मालक, हे मशीन कुणीतरी वर्षानुवर्षं थेट खाऱ्या पाण्यावर चालवलंय. बाहेरनं निळं, आतनं मीठ."

आपल्या बोटींवर बहुतेक ठिकाणी हीट एक्सचेंजर असतो नाहीतर बुडाखालून कील कूलिंगचे पाइप असतात, मशीनच्या आत गोडं पाणीच फिरतं. पण पंपाने दर्याचं पाणी सरळ ब्लॉकमधून फिरवणारेही आहेत, खर्च वाचतो म्हणून. असा ब्लॉक आतून पातळ होत जातो आणि बाहेरून कधीच कळत नाही. लायनर बदलता येतो, क्रँक घासता येतो, खाल्लेला ब्लॉक कोण भरून देणार. आणि हा आतला भाग बघायचा तर खूप काही लागत नाही, ब्लॉकच्या बाजूच्या भोकांत ठोकलेली झाकणं, म्हणजे कोअर प्लग, काढून बॅटरी मारली तरी दिसतं. प्लगवरून आठवलं, ते पण साधे लोखंडी, ट्रकचे. बोटीच्या मशीनला पितळी लावतात, लोखंडी एक-दोन सीझनमध्ये गंजून फुटतात.

क्रँक मायक्रोमीटरने मोजला तर ०.७५ मिमी अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा घासून बारीक झालेला. बिलावर "स्टँडर्ड". म्हणजे हा क्रँक अगोदरच तीनदा घासून झालेला, अजून एकदा १.०० ला घासला की संपला, आणि ठक् ठक् झाल्यामुळे तो शेवटचा घास आता घ्यायचीच वेळ आलेली. पिस्टन वजन केले, सहातले दोन वेगळ्या मेकचे. नोझल तेवढे बरे होते, का कुणास ठाऊक.

मिस्त्रीने सरळ सांगितलं हा ब्लॉक करू नका. दुसरा ब्लॉक शोधला, तोही जुनाच, पण शेतातल्या पंपसेटवरचा, गोड्या पाण्याचा, आणि यावेळी आधी हायड्रो टेस्ट. ब्लॉकची सगळी तोंडं बंद करून आत दाबाने पाणी भरतात आणि कुठे पाझरतं का बघतात, अर्धा दिवस मी तिथे स्टुलावर बसून चहा पीत बघत होतो, एक थेंब नाही. क्रँक दुसरा, तो क्रॅक टेस्ट करून. प्रत्येक लायनर, क्रँकचा प्रत्येक जर्नल (बेअरिंगात फिरणारा भाग) मोजून त्याने वहीत लिहिलं, मी त्या पानाचा फोटो काढला आणि खाली त्याची सही घेतली. तो हसला, म्हणाला आजपर्यंत कुणी सही मागितली नव्हती. वॉरंटी त्याने सहा महिने दिली आणि तारीख लिहिली ती बोट पाण्यात चालू होईल त्या दिवसाची, हे मी आधी बोलून घेतलं होतं. वॉटर ब्रेकवर, म्हणजे बोटीशिवायच मशीनला लोड देणाऱ्या यंत्रावर, दीड तास चालवलं, गरम ऑइलवर स्लोला प्रेशर दीड केजीच्या वर.

खर्च सगळा मिळून दोन लाख ऐंशी हजार. ऑगस्ट गेला, गणपती गेले, आमचे दोन नेपाळी खलाशी उचल घेऊन दुसऱ्या बोटीवर गेले, त्यांना काय बोलणार, त्यांना पण पोट आहे. ऑक्टोबर उजाडला तेव्हा बोट परत बाहेर. किती गेलं याचा हिशेब बायकोने वहीत लिहून ठेवलाय, मी ते पान उघडत नाही.

बसवताना पण यावेळी घाई नाही केली. अलाइनमेंट, म्हणजे मशीन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणणं, बोट वर असताना केलं तरी ते खरं नसतं, पाण्यात उतरली की लाकडी बोट थोडी वाकते, तेव्हा पाण्यात दोन दिवस राहू दिली आणि मग कपलिंगच्या तोंडात फीलर गेज घालून चारी बाजूंनी बघितलं. साधा हिशेब, कपलिंग जेवढे इंच तेवढे थाउ (इंचाचा हजारावा भाग), त्याच्यावर फरक नको. मग फुल थ्रॉटल देऊन बघितलं प्लेटवर लिहिलेला आरपीएम गाठतंय का, कारण पंखा जड असला तर मशीन दबून चालतं, काळा धूर मारतं आणि चांगलं केलेलं मशीन सुद्धा वर्षात बसतं. पहिले पन्नास तास स्लोला ठेवून उभं राहायचं नाही, एकाच आरपीएमवर पण चालवायचं नाही, कमी जास्त करत राहायचं म्हणजे रिंगा बसतात, आणि पन्नास तासांनी ऑइल फिल्टर बदलायचं. ड्रायव्हरला सांगितलं पाणी किती घातलं आणि काठी कुठे आहे हे रोज भिंतीवर खडूने लिही. लिहितो तो. कधी कधी खाली मासळीचा दर पण लिहितो.

या मे महिन्यात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक फोटो फिरत आला. "सहा सिलिंडर, रिमॅन्युफॅक्चर्ड, झिरो अवर, एक्सचेंज चालेल." निळं मशीन, तसंच चकचकीत. मी पुढे ढकलणार होतो तेवढ्यात बाबांनी फोन हातातून घेतला, चष्मा वर केला आणि फोटो मोठा करून डाव्या बाजूची ब्रॅकेट दाखवली. वेल्डिंगचा तो वाकडा टाका, रंगाखालून पण दिसत होता.

ग्रुपमधल्या एकाला विचारून कळलं की हर्णैकडचा एक जण ते घ्यायच्या विचारात आहे. नंबर काढून त्याला फोन केला. सांगितलं की हे आमचं मशीन, २००९ ला नवीन घेतलेलं, कायम गोड्या पाण्यावर चाललंय, ब्लॉक चांगला आहे, दोनदा लायनर झालेत, रिंगा गेलेल्या होत्या, आता आत काय भरलंय ते खोलून बघ आणि क्रँकचं माप लिहून घे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "एवढं चांगलं होतं तर दिलंत कितीला?"

पन्नास हजार म्हटलं.

"मला चार नव्वद सांगतोय," तो म्हणाला.